यात्रेतून आणलेलं कटर

येरमाळा
वैशाखातली एक भाजणारी दुपार

तीर्थस्वरूप चंद्रप्रभाआत्यांना नीरजाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

माझ्या पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका गळ्यात पडून रडत होत्या, तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणाला होता, “नीरजा, पोरगा सोन्यासारखा आहे, फक्त त्याला दुकानात एकटं सोडू नकोस.” मला वाटलं, मी रडतेय म्हणून तुम्ही हसवताय. पण तुम्ही तर वरातीतच सगळं ओळखलं होतं. नवरदेवाच्या उजव्या बुटाचा तळ चालता चालता सुटून मागं राहिला, तो एका बँडवाल्यानं उचलून आणून दिला आणि नवरदेवानं तो हसत हसत खिशात ठेवला. बाकीच्यांनी घोडा पाहिला, तुम्ही बूट पाहिलात. शाळेत इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतात, त्याचा हा फायदा.

तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मामांना (तुमच्या यजमानांना) माझा नमस्कार सांगा आणि उन्हात देवळाच्या पायऱ्या चढू नका म्हणावं. ते ऐकणार नाहीत, पण सांगा. इथं आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे या घरात प्रत्येकाचे दोन हात आणि दोन पाय आजच्या तारखेला जागेवर आहेत. ते किती दिवस जागेवर राहतील, त्याविषयीच हे पत्र आहे. (फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं, आणि तुमच्या जावयाला मी ‘पाणी आलंय, मोटर लावा’ म्हणाले तर ऐकू येत नाही, त्यांच्याविषयी कुजबुजले की मात्र शेजारच्या गल्लीतून ऐकू येतं. म्हणून गल्लीतल्या उमादेवीच्या हाती ही चिठ्ठी. ती उद्या तुमच्या तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येते आहे.)

तर आमच्या परसातला कडुलिंब तुम्ही पाहिलाय. मागं आला होता तेव्हा त्याच्याखाली खुर्ची टाकून तुम्ही माझ्या शिकवणीच्या पोरांचे पाढे घेतले होते. झाड अजून छान आहे, फक्त त्याचा एक फांदा, चांगला माणसाच्या कमरेएवढा जाड, दोन उन्हाळ्यांपासून पार वाळलाय आणि कुंपणापलीकडं गजराबाईंच्या शेळ्यांच्या पत्र्यावर झुकून उभा आहे. गजराबाई म्हणजे आमच्या शेजारीण. शेळ्या त्यांच्या, पत्रा त्यांचा, आणि उन्हाळ्यात त्यांची बाजही त्याच पत्र्याखाली, कारण शेळ्यांना सोडून त्यांना झोप लागत नाही. वैशाखातला वारा तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर पान हलत नाही आणि संध्याकाळी असा सुटतो की दोरीवरचे कपडे पार हायवेवर सापडतात. मागच्या वर्षी त्या फांद्याची एक डहाळी पडली तर पत्र्याला खड्डा पडला. हा सबंध फांदा खाली आला तर शेळ्या तर जातीलच, गजराबाईही जातील.

झाडं तोडणाऱ्या माणसांना विचारलं होतं. त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून तुमच्या जावयांनी चष्मा काढून पुसला. विनाअनुदानित कॉलेजातल्या क्लार्कचा पगार हा यात्रेसारखा असतो, येतो तेव्हा गाजावाजा होतो आणि मग बरेच महिने नुसती वाट. तेव्हा हे म्हणाले, “एवढ्या पैशात तर आपलं स्वतःचं मशीन येईल. आयुष्यभराचं काम होईल.” आत्या, आमच्याकडं झाड एक, त्याला वाळका फांदा एक. आयुष्यभर हे काय तोडणार होते, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरली. मला शिकवणीची पोरं होती, म्हणून मी यांना नारळ, खण आणि ओटीचं सामान देऊन एकट्यालाच पाठवलं (हो, एकट्यालाच, तुम्ही हे वाचून मान हलवताय ते मला इथून दिसतंय). दुपारी परत आले तेव्हा कपाळाला हळद होती, चेहऱ्यावर देवी प्रत्यक्ष दिसल्यासारखं तेज होतं आणि खांद्यावर एक खोकं होतं. प्रसाद विसरले होते. यात्रेत एका टेम्पोवर भोंगा लावून कोणी एक इसम लाकूड कापायची मशिनं विकत होता. साखळीची करवत, पेट्रोलवर चालणारी. इकडं सगळे तिला कटर म्हणतात. भोंग्यावर ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ असं म्हणत होता म्हणे. खोक्यावर वाघाचं चित्र आहे, आतल्या मशीनवर घोड्याचं आहे. सोबत हातमोज्यांचा जोड फुकट, तोही दोन्ही डाव्या हाताचे. गॅरंटीचं विचारलं का, म्हटल्यावर हे म्हणाले, “अगं, तो दरवर्षी यात्रेला येतो.” म्हणजे मशीन बिघडलं तर पुढच्या चैत्रापर्यंत थांबायचं आणि मग लाखभर माणसांत टेम्पो शोधायचा.

आपल्याकडं हत्यार घरात आलं की त्याची पूजा आधी, वापर नंतर. दसऱ्याला आपण विळ्या-कोयत्याला पूजतो, मग एवढ्या जर्मन पाहुण्याला कसं सोडणार? पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. पण हे म्हणाले, एवढं चांगलं मशीन, गल्लीतल्या लोकांची नजर लागेल. (आत्या, या घरातल्या वस्तूला नजर लागावी अशी माझी कितीतरी वर्षांची इच्छा आहे. आमच्या कुलरलासुद्धा लागली नाही. तो तसाच अंगावर पाणी फेकत बसलाय.) मग यांनी एका काळ्या दोऱ्यात बिबा आणि मिरच्या ओवल्या आणि तो दोरा बांधला कुठं, तर साखळीला. का, तर मशीनचा जीव साखळीत असतो.

इकडं गजराबाईंची वेगळीच घाई. त्यांच्याकडची रीत अशी की झाडाला हात लावायच्या आदल्या संध्याकाळी त्याला सांगावं लागतं. त्या तांदूळ आणि हळद घेऊन आल्या, बुंध्याला हात लावला आणि घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं बोलल्या, “बाबा, उंद्या तुजा वाळला हात काढनार हाव. पाखरं हलीव. राग धरू नगंस.” मला ते फार आवडलं. ऑपरेशनच्या आधी माणसालाही इतकं मायेनं कोणी सांगत नाही. मीही मागं उभी राहून हात जोडले.

रविवारी सकाळी तुमचे जावई जुनी पँट, डोक्याला मफलर (उन्हाळ्यात) आणि दोन्ही हातांत डावे मोजे अशा थाटात परसात उतरले. गल्ली जमली. दोरी ओढली, मशीन खाकरलं. पुन्हा ओढली, पुन्हा खाकरलं. गजराबाई कुंपणावरून म्हणाल्या, “काय वं सायब, म्हशीची धार काढतावं का काय?” त्या बोलण्याचा राग यांनी दोरीवर काढला आणि एकदम मशीन सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा यांनी आणलेली एखादी वस्तू सुरू झाली, आत्या, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण साखळी फिरली तसा तो काळा दोरा, बिबा, मिरच्या सगळं घेऊन आत शिरली आणि कुठंतरी पोटात जाऊन अडकली. जळक्या मिरचीचा धूर असा उठला की गल्ली खोकत खोकत पांगली. हे बंद पडलेलं मशीन पुन्हा सुरू करायला गेले तर दोरी मुठीसकट हातात आली आणि हे मागच्या मागं कुंपणाशी ठेवलेल्या गजराबाईंच्या शेळ्यांच्या पेंडीच्या घमेल्यात बसले. बघा, नजर लागलीच, हे त्यांचं पहिलं वाक्य. दोऱ्यामुळं नव्हे, नजरेमुळं!

मग हायवेवर महारुद्रचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, तिकडं वरात. महारुद्र तोंडानं फटकळ, शिवाय मधेमधे तंबाखू मळायला थांबतो, त्यामुळं अपमान बराच वेळ पुरतो. त्यानं मशीन उघडून आतून आधी मिरचीचे तुकडे काढले, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “वैनी, भाजी कापायला नेलतं का?” मग त्यानं सांगितलं की नुसतं पेट्रोल घालून चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं; साखळीला वेगळं तेल लागतं; या मापाची साखळी धाराशिवलाच काय, सोलापूरलाही मिळायची नाही; आणि मशीनला पुढं जो दांडा असतो, करवत अंगावर उसळली तर साखळी जागच्या जागी थांबवणारा, तो या मशीनला नुसता दाखवायला लावलाय, आत काही जोडलेलंच नाही. शेवटी तंबाखू दाढेखाली ठेवून म्हणाला, “सायब, ह्ये शोकेसमदी ठिवा. हात गेला तर माझ्याकडं येऊ नगा, मी हाताचं काम करत न्हाय.”

यावर यांनी काय ऐकलं असेल? ‘साखळीला तेल लागतं.’ बस, एवढंच. महारुद्रकडून दोरी नवीन घालून, साखळी नीट बसवून घेतली आणि दुकानातलं तेल महाग म्हणून माझ्या फळीवरचं करडईचं तेल त्या टाकीत ओतलं. पुढच्या रविवारी मशीन सुरू झाल्या झाल्या सगळ्या गल्लीत कांदाभजी तळल्याचा वास. समोरचे भागवतकाका डबा घेऊन आले आणि घरात पाहुणे कोण आलेत म्हणून विचारलं. (भागवतकाका हे आमच्या समोर राहणारे निवृत्त कंडक्टर. वासानं घर गाठण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.) त्या वासाची लाज वाटून आवाज कमी-जास्त करता करता मशीन बंद पडलं ते पडलंच.

आणि प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी गजराबाई झाडाला सांगून गेलेल्या! तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या. “बाई, म्या आता काय त्वांडानं सांगू त्याला? उंद्या उंद्या म्हनून झाडाला ताटकळत ठिवलंय. पाखरं बी दोनदा उठली अन् माघारी आली. पोरीच्या बापावानी झालंय बग माजं, तारीख धरायची अन् मोडायची.” खरंच संध्याकाळी परसात गेले की मला त्या लिंबाकडं बघवत नाही. दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघत बसलेल्या माणसासारखा दिसतो.

तिसरा रविवार म्हणजे परवाचा. यावेळी महारुद्रकडून टाकी धुऊन आणलेलं मशीन एका झटक्यात सुरू झालं. यांनी खालच्या एका सुक्या बुडख्यावर आधी हात बसवून बघायचं ठरवलं. आवाज असा की शेळ्यांनी दावी तोडली. धूर निघाला, ठिणग्या निघाल्या, लाकूड काळं पडलं, गुळगुळीत झालं, चकाकायला लागलं, पण कापलं काही गेलं नाही. बराच वेळ हे त्या लाकडाला इस्त्री करत होते. भागवतकाका म्हणाले, “पॉलिश झकास झालंय, आता दाराला लावा.” हे घाम पुसत म्हणाले, “लाकूड जुनं आहे. जुना लिंब लोखंडासारखा असतो.” बघा आत्या, बूट फाटला तेव्हा रस्ता खराब होता, कुलर बिघडला तेव्हा पाणी जड होतं, आता लिंब लोखंडाचा आहे. या माणसानं आजवर एकाही दुकानदाराला दोष दिलेला नाही.

आता येत्या रविवारचा बेत ऐका. यांचं म्हणणं असं की खालचं लाकूड सोडून द्यावं, वरचा फांदा वाळका आहे, तो कापला जाईलच. त्यासाठी शिडी लावून वर चढायचं, कमरेला शेळीचं दावं बांधून ते वरच्या फांदीला अडकवायचं आणि एका हातानं (दुसऱ्या हातानं झाड धरायचं ना!) मशीन चालवायचं. शिडी तीच, दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेम्पोवरून घेतलेली, जिची मधली पायरी सुतळीनं बांधलेली आहे. यांचं वय पन्नाशीला टेकलंय. घरात बल्ब बदलताना खुर्चीवर उभे राहिले तरी पाय थरथरतात आणि मी खुर्ची धरून उभी असते. अशा माणसाच्या हातात न थांबणारी करवत, पायाखाली सुतळी आणि कमरेला शेळीचं दावं. मी नको म्हटलं, रागावले. हे म्हणाले, “गजराबाईंना काही झालं तर तू त्यांच्या पोराला तोंड दाखवशील का?” फांदा उतरायला तर हवाच, आणि वळीव काही आमच्यासाठी थांबणार नाही.

असो. तुम्ही म्हणाल, पोरगी माहेरच्या माणसाला पत्र लिहिते आणि पानभर नवऱ्याची टिंगल करते. पण कोणाजवळ करू? बाकी सर्व क्षेम. आंब्याचं लोणचं यंदा थोडंच घातलं, तुमच्यासाठी बरणी वेगळी ठेवली आहे. मामांना तिखट देऊ नका.

तुमची,
नीरजा

ता. क. – पत्र लिहिताना हे डोकावून गेले. आत्यांना लिहितेय म्हटल्यावर म्हणाले, “मामांना विचार, त्यांना पाहिजे का एखादं कटर? तो टेम्पोवाला आता तुळजापूरकडं गेलाय म्हणतात.” विचारलं, असं समजा.

ता. क. २ – आत्या, एक गोष्ट वर लिहिली नाही, कारण तेव्हा हे आसपास होते. आता कॉलेजला गेलेत. परवाच्या रविवारी लाकूड कापलं गेलं नाही, त्यात लिंबाचा दोष नाही आणि यावेळी मशीनचाही नाही. साखळी मी उलटी बसवली होती. महारुद्रनं बसवताना मी शेजारी उभी होते. दोन नट आणि एक झाकण, कुकरच्या शिट्टीपेक्षा सोपं काम आहे. दात पुढं असतात तेव्हा ती कापते, दात मागं केले की नुसती घासते. शनिवारी दुपारी मी परसात बसून ती फिरवली. उलटी साखळी कोणाचा हात तोडत नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पण काल हे खोक्यावरचं चित्र आणि मशीन शेजारी ठेवून बराच वेळ बघत होते. रविवारच्या आत त्यांना कळणार.

मशीन लपवलं असतं, फेकून दिलं असतं. पण मला ते जमत नाही. या माणसानं आजवर जे जे स्वस्तातलं आणलं, त्यातलं स्वतःसाठी काही नव्हतं. कुलर माझ्या घामोळ्यांसाठी, शिडी माझा हात माळ्यावर पुरत नाही म्हणून, आणि हे कटर शेजारच्या बाईच्या जिवासाठी. कॉलेजात त्यांना सगळे ‘ए, ती फाईल आण’ म्हणतात. टेम्पोवाला एकटाच ‘या साहेब, बसा साहेब’ म्हणतो. आपण आणलेली एक वस्तू तरी कोणाच्या कामी यावी, एवढंच त्यांना हवं असतं. मी ते मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर फेकलं तर हात वाचतील, पण माणूस त्या दिवसापासून घरात गप्प बसेल.

ता. क. ३ – म्हणून खरी विनंती आता. पत्र मिळताच यांना फोन करा आणि म्हणा, ‘जावईबापू, आमच्या अंगणात एक बाभूळ वाढलीय, तुमचं ते कटर चार दिवस द्याल का? चांगलं आहे म्हणे.’ बाकी काही नको. हे त्याच दिवशी एसटीनं स्वतः घेऊन येतील, मांडीवर ठेवून. तुम्ही ते जिन्याखाली टाका, त्यावर पापडाचा डबा ठेवा, काही करा. इथं मी झाडं तोडणाऱ्या कळंबच्या नंदीशशी बोलून ठेवलंय. चार माणसं, दोर, चांगली करवत घेऊन तो शनिवारी फांदा उतरवेल. माझे शिकवणीचे पैसे त्याला पुरतात, तो विचार करू नका. हे गल्लीत सांगतील, ‘आपलं कटर आत्यांकडं गेलंय ना, म्हणून माणसं बोलवावी लागली.’ आणि ते सांगताना त्यांचा चेहरा कसा होईल, तो मला आत्ताच दिसतोय.

मला ठाऊक आहे, तुमच्या अंगणात बाभूळ नाही. आणि तुम्ही खोटं बोलत नाही, हेही ठाऊक आहे. मामा आत झोपलेले असताना दारात आलेल्या वर्गणीवाल्याला ‘घरी आहेत, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणतात’ असं सांगणाऱ्या तुम्ही. शिवाय यांच्या कोणत्याही वस्तूला तुम्ही आजवर चांगलं म्हटलेलं नाही, आणि तेही खरंच होतं. तुमचं उत्तर मला हे लिहितानाच ऐकू येतंय. तरीही विचारते, आत्या. एकदाच, त्यांनी आणलेली एक वस्तू तुम्ही मागून घ्याल का?